मी न दिलेलं रक्त

किन्हवलीजवळच्या आमच्या गावात भगताने सुपात तांदूळ पसरले आणि आधी मलाच विचारलं, “घरात पूर्वी कुणाला असं झालंय?” मी नाही म्हटलं. मग त्याचं बोट घराबाहेर वळलं. धाकट्या भावाला कानात माणसं बोलताना ऐकू येत, तो जेवणाला हात लावत नसे. ते सगळं त्याच्या बायकोने मुरबाडहून, माहेरून आणलेल्या खाण्यातून आलं, असं ठरलं आणि तिला माहेरी धाडलं.

खरं तर आमची आत्या तशीच होती. शेतावरच्या खोपीत राहायची, झाडांशी भांडायची. पण माझ्या मुलीची सोयरीक चालली होती, आणि सोयरिकीत घराण्यातल्या वेडाची चौकशी आधी होते.

पुढे, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, शहरातल्या इस्पितळात भावाच्या डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या जरा रुंद दिसत होत्या.

“हा स्किझोफ्रेनिया,” ते म्हणाले. “शरीराची रोगाशी लढायची जी ताकद असते, तिच्या खुणा रक्तात असतात. आईबापांकडून येतात. किडनी जुळवताना त्याच बघतात. त्यांचा या आजाराशी संबंध आहे का, ते शोधतोय. खात्री अजून नाही. घराण्यात कुणी होतं?”

भावजय माझ्याकडे बघत राहिली. मी नाही म्हणालो.

“बरं, तुमचं थोडं रक्त द्या.”

मला वाटलं, तांदळासारखंच हे लोक रक्त वाचतील आणि त्यात आत्या दिसेल. “मला चक्कर येते,” म्हणालो.

“कोयता पायात गेला तवा नाय आली ती,” भावजय म्हणाली आणि तिने हात पुढे केला. “माझं घ्या, डॉक्टर. सगळं माझ्याच घरनं आलंय बोलतात.”

“तुमचं नको, बाई. हे रक्ताच्या नात्यात शोधायचं असतं. यात तुमच्या माहेरचं काय येणार?”

परतताना शहापूरच्या स्टँडवर मुरबाडची एसटी लागली होती.

“भावजी, डॉक्टर बोलले ते गावात बोलाल ना? तर घरी येते.”

“पोरीचं लग्न होऊ दे.”

“मग यांच्या गोळ्या तरी चुकवू नका,” म्हणत ती गाडीत चढली.

लग्न झालं. मी बोललो नाही. भाऊ गेला तेव्हा बायकांनी तिला अंगणातच अडवलं, तेव्हाही नाही.

परवा मुरबाडला जाऊन तिला म्हटलं, “आत्या आमची होती, आणि मला ठाऊक होतं.”

“इथं कशाला सांगता, भावजी? इथं सगळ्यांना म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तुमच्या गावात सांगा.”

गावात उभं राहून वाचायला म्हणून हे लिहिलं आहे.