यादीतून खोडलेलं नाव

धाराशिवला सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी सहल ठरवली, तेव्हा सगळ्यांच्या आधी राजेश्वरीनं दोघांची नावं दिली. तिचे यजमान उमाशंकर चकित झाले. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं कधी कशाचा हट्ट धरला नव्हता.

सहल होती सह्याद्रीतल्या दाट जंगलात. सकाळी झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून झाडांच्या शेंड्यांवरून दरीपलीकडं जायचं. दुपारी घोड्यावरून जंगलात फेरी. घोड्याचं नाव निघालं आणि राजेश्वरीचा चेहराच बदलला. जळकोटला तिच्या वडिलांची, वीरप्पांची, तांबडी घोडी होती. बारा वर्षांची होईपर्यंत राजेश्वरी तिच्यावर बसून शेतात जायची. मग एक दिवस आई म्हणाली, "आता पुरं." तिथंच ते संपलं.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं बाजारातून बूट आणले. साडीवरच ते घालून अंगणात फेऱ्या मारू लागली. शेजारच्या निकिताकडून पंजाबी ड्रेस शिवून घेतला. दम टिकावा म्हणून गच्चीच्या पायऱ्या रोज चारदा चढू-उतरू लागली.

उमाशंकरना मात्र जायचं नव्हतं. सहल नेणाऱ्या अल्ताफनं झिपलाइनचा व्हिडिओ पाठवला होता. तो त्यांनी अर्ध्यातच बंद केला. गच्चीवरच्या टाकीपाशीसुद्धा ते कधी चढत नसत, कंबरदुखीचं निमित्त सांगत. उंचीची भीती वाटते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

अल्ताफचा फॉर्म आला. वय, वजन, बीपी. उमाशंकर आरोग्य सेवक म्हणून निवृत्त झालेले, बीपीचं यंत्र घरातच. त्या दिवशी राजेश्वरी चौथ्यांदा गच्चीवरून उतरली, कपाळावर घाम, छाती धपापलेली. "बस, बीपी बघू," म्हणत त्यांनी लगेच तिच्या दंडाला पट्टा बांधला. माणसाला पाच मिनिटं शांत बसवल्याशिवाय बीपी घ्यायचा नाही, हे त्यांनी नव्या नर्सबाईंना आयुष्यभर शिकवलं होतं.

वरचा आकडा एकशे बासष्ट, खालचा चौऱ्याण्णव.

त्यांनी तिच्यासमोरच अल्ताफला फोन लावला.

"काका, मग काकूंना झिपलाइनबी न्हाय नि घोडाबी न्हाय. जोखीम कोण घेणार?"

"खरंय. माझंबी नाव खोड. तिला एकटीला ठेवून कसा येऊ?"

राजेश्वरीनं पट्टा सोडला, गुंडाळून डबीत ठेवला. "बरं," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी निघाली, तेव्हा तिनं मंडळींसाठी धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यावर उभी होती. उमाशंकर फाटकापाशी थांबले. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी मंडळी परतली. फोनवर फोटो येऊ लागले, घोड्यावर बसलेल्या बायका, हसणाऱ्या. राजेश्वरीनं एकेक फोटो बोटांनी मोठा करून घोडेच बघितले. ते पाहून उमाशंकर उठले, यंत्र आणलं. तिला खुर्चीत निवांत बसवलं, वेळ जाऊ दिला, मग बीपी घेतला. एकशे अठ्ठावीस, ऐंशी.

"त्या दिवशी मी पायऱ्या उतरून आले होते," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमाला ठाऊक होतं."

त्यांनी तिच्या दंडाचा पट्टा सोडला. "मला उंचावर लई भ्या वाटतं. आधीपासूनच. तिथं सगळ्यांसमोर माझे पाय कापले असते."

"मग तसं सांगायचं होतं. तुमी खाली बसला असता. मी गेले असते की."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

दसऱ्यानंतर अल्ताफनं पुन्हा सहल काढली. उमाशंकरनी स्वतः जाऊन तिचं एकटीचं नाव दिलं आणि घरी येऊन सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

"काढून टाका नाव," ती म्हणाली. "तवा मन झालं होतं. आता न्हाय होत."

बूट तिनं निकिताला देऊन टाकले होते. उमाशंकर शेजारी बसले, शेंगा फोडू लागले. तिला आणखी एकदा आग्रह करावा, असं त्यांना वाटलं. पण छत्तीस वर्षांत तिला असा आग्रह त्यांनी कधी केलाच नव्हता. मग त्यांनी अल्ताफला फोन करून तिचं नाव खोडायला सांगितलं.