चार उभे, चार आडवे

मिल बंद पडली तेव्हा माझ्या बाबांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यांना एकच गोष्ट उत्तम येत होती. उभे-आडवे धागे एकमेकांना कसे ओलांडतात हे बघून त्याचं कापड कसं होईल, हे ते कापडाला हात न लावता सांगायचे. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या वर्षी कुणी टेम्पो चालवायला लागलं, कुणी शेवेची गाडी लावली. बाबा चौकड्यांच्या वहीत डिझाइनं भरत बसले. मागच नव्हता, तर डिझाइनं कुणासाठी, असं आई विचारायची. ते पेन्सिलीला टोक काढायचे.

त्यांचा हा हट्ट कळायला थोडं मागचं सांगायला हवं. माझे आजोबा महूच्या छावणीत, पलटणीत होते. बाबा मिलमध्ये लागले, पण आमच्या लोकांना विणाई खात्यात घेत नसत. तिथे धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या होडीसारख्या लाकडाच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून काढावं लागे, आणि आमचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांनी तोंडाला कसा लावायचा, हा त्यांचा सवाल. त्यामुळे आमची माणसं सूत कातायच्या खात्यात राबायची आणि तिथूनच रिटायर व्हायची. बाबा भांडून, दोन वेळा निलंबित होऊन, विणाई खात्यात शिरले. त्यांच्या पाळीतले ते आमच्यातले पहिले. पुढे तर डिझाइनच्या टेबलावर बसले. मिलने त्यांची नोकरी नेली हे सगळ्यांना दिसत होतं. ते टेबल नेलं याचं दुःख फक्त त्यांना होतं, आणि ते बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

मी तेव्हा पॉलिटेक्निकात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. सगळं खुलं होणार, बाहेरच्या कंपन्या येणार, कॉम्प्युटर येईल त्याचंच भलं होणार, असं जो तो म्हणत होता, आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. आम्हाला मोजणीची गणितं होती. सात माणसं सात खुर्च्यांवर किती तऱ्हांनी बसतील, असली. मी ती पास्कलमध्ये प्रोग्राम लिहून सोडवायची आणि घरी येऊन शेखी मिरवायची.

एकदा बाबांनी वहीतून मान वर केली. "खुर्च्या राहू दे बेटा. मला हे सांग, चार चौकटींच्या मागावर एकूण डिझाइनं किती?"

चौकट उचलली की तिच्यातले उभे धागे वर येतात; म्हणून चार चौकटींवर चार उभे धागे, चार आडवे, पुन्हा पुन्हा तेच. म्हणजे सोळा चौकोन, आणि प्रत्येकात उभा धागा वर किंवा आडवा वर. मी तोंडीच सांगितलं, "पासष्ट हजार पाचशे छत्तीस."

ते हसले. मिल बंद झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "भोत झाली. त्यातली किती तर कापडच नाहीत. एखादा धागा सगळ्यांच्या वरच राहिला, तर तो विणलाच नाही ना. ओढ, की हातात आला."

दुसऱ्या दिवशी मी तो नियम प्रोग्रामात घातला. प्रत्येक धागा कुठेतरी वर, कुठेतरी खाली. उरली बावीस हजार आठशे चौऱ्याहत्तर. संध्याकाळी बाबांनी पुढचा धडा दिला. तिरकी वीण पहिल्या धाग्यापासून सुरू करा की तिसऱ्या, कापड तेच. मग मी प्रत्येक डिझाइन आडवं-उभं सोळा वेळा सरकवून जुळणारी सगळी एकच धरली. एक हजार चारशे शेहेचाळीस उरली.

बाबांनी तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला. तीस वर्षांत वहीत तीनशेही भरली नव्हती. प्रिंटरच्या लांबलचक कागदावर मी ती सगळी छापून आणली तेव्हा त्यांनी तो कागद मांडीवर घेतला आणि एकेक डिझाइन बोटाने चाचपलं. मला वाटतं, ते दिवस आमच्या घरातले शेवटचे बरे दिवस.

मग म्हणाले, "विणून बघू."

ही त्यांची जुनी रीत. एका लहान लाकडी चौकटीला खिळे ठोकायचे, उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, आणि बोटभर कापड हाताने विणल्याशिवाय डिझाइन मागावर चढवायचं नाही. मिलमध्ये ते त्यावरून चेष्टेचे धनी झाले होते, पण त्यांचं डिझाइन कधी परत आलं नव्हतं.

"चौदाशे कधी विणून होणार, बाबा? कॉम्प्युटरने तपासलीयत सगळी."

"काहीतरी राहतंय. धागा वरखाली झाला म्हणजे कापड झालंच, असं नाय ना."

"तुमच्या मिलसारखं नाही ते," मी म्हणाले. "कॉम्प्युटर चुकत नाही."

त्यांनी खिळे परत डब्यात टाकले. आपली पोरगी इंग्रजीतून शिकली, मशिनवर काम करते, तिला आपण कुठे अडवणार, असं त्यांना वाटलं असणार. उभ्या आयुष्यात ज्यांनी साहेबाचं डिझाइनही तपासल्याशिवाय घेतलं नाही, त्यांनी माझं घेतलं.

त्याच सुमारास सांवेर रोडवरच्या एका लहान कारखान्यात डिझाइनचा माणूस हवा असल्याचं कळलं. पडदे, गाद्यांची कापडं असलं काम. कॉम्प्युटर जाणणाऱ्याला आधी घेणार होते. बाबांनी ऐकून सोडून दिलं. मीच मागे लागले. हा कागद घेऊन जाऊ, मी बरोबर येते, दोघांनी मिळून केलं म्हणून सांगू. त्यात खोटं काहीच नव्हतं. आईने त्यांच्या पांढऱ्या शर्टाला दोनदा इस्त्री केली.

कारखान्यातले इंजिनियर महाराष्ट्रातून नवे आलेले होते. त्यांचं स्वच्छ मराठी ऐकून आम्हा दोघांच्या हिंदी मिसळलेल्या जिभा जड झाल्या. पण माणूस भला होता. बाबांना काका म्हणाले, चहा मागवला, कागद उलगडून बघतच राहिले. "सगळीच्या सगळी? हे मी कॉलेजात असताना कुणी करून दाखवायला हवं होतं," म्हणाले. मग मधलं एक डिझाइन निवडून त्यांनी नमुन्याच्या मागाकडे बोट केलं. "काका, तुम्हीच लावा."

त्या मागाला लाकडी पट्ट्या होत्या. पट्टीच्या भोकांत खुंट्या बसवल्या की कोणत्या चौकटी उचलायच्या हे मागाला कळतं. बाबांनी पहिली पट्टी भरली, दुसरी भरली. तिसऱ्या पट्टीवर त्यांचा हात थांबला. मला वाटलं, इतक्या दिवसांनी माग पाहून विसरले की काय. मी अस्वस्थ झाले, त्यांच्यासाठी नाही, माझ्या कागदासाठी. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि उरलेल्या खुंट्या बसवल्या.

माग चालला. वीतभर कापड झाल्यावर इंजिनियरसाहेबांनी कडेला बोट घातलं, आणि ते बोट आत गेलं. एक कापड वर, एक खाली. मध्ये एकही धागा त्यांना जोडत नव्हता. प्रत्येक धागा वरखाली होत होता, माझा नियम अगदी पाळत होता, फक्त आपापल्या थरात.

"काका, ही तर दोन कापडं आहेत," साहेब म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं मागावर काढलीत. हे दिसलं नाही?"

त्यांना तिसऱ्या पट्टीलाच दिसलं होतं. तिथेच थांबून 'हे दुपदरी आहे, साहेब' म्हटलं असतं तर नोकरी त्यांचीच होती. असली नजर असलेला माणूसच तर कारखान्याला हवा होता. पण मग कागद चुकला असं म्हणावं लागलं असतं, आणि कागद माझा होता.

"प्रोग्राम पोरीचा आहे जी, तो बरोबर आहे," बाबा म्हणाले. "नियम मी सांगितला. अर्धाच सांगितला. आता ध्यानात राहत नाही."

मी तिथेच उभी होते, हाताच्या अंतरावर. त्यांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं. पण साहेब तोवर माझ्याकडे वळून विचारत होते की सोळा वेळा सरकवायचं कसं लिहिलं, रंग घालता येतील का, परीक्षा कधी संपते. मी उत्तरं देत गेले. छान दिली. निघताना त्यांनी मला परीक्षेनंतर रुजू व्हायला सांगितलं आणि बाबांना म्हणाले, "काका, तुमचं बघतो, कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते परदेशीपुऱ्यात तोवर सगळ्यांना कळलं होतं.

परतताना टेम्पोत बाबा एवढंच म्हणाले, "तुला घेतलं ना. बस."

मी त्यांची माफी मागितली नाही. आज मागेन, उद्या मागेन असं करत राहिले, आणि तेवढ्यात माझी नोकरी सुरू झाली. माझा मलाच इतका राग यायचा की तो मी आईवर काढायची.

रुजू झाल्यावर पहिलं काम मला तेच मिळालं. यादीतून दुपदरी डिझाइनं वेगळी काढा. मी आठ दिवस डोकं फोडलं. शेवटी एका रविवारी वही घेऊन बाबांपुढे बसले. त्यांनी खिळ्यांची चौकट काढली, धागे ताणले, एकेकावरून बोट फिरवलं.

"एकेक धागा नको पाहू," म्हणाले. "गट पाहा. काही उभे घे, काही आडवे घे. तो गट बाकीच्या सगळ्यांच्या वरच राहतो का? कुठलाही घे, सगळे घेऊन पाहा. असा एक जरी निघाला, तर कापड दोन."

आठ धागे, दोनशे छप्पन्न गट. सगळेच धागे आणि एकही नाही हे दोन सोडले तर दोनशे चौपन्न. माझा आधीचा नियम म्हणजे याच नियमाचा एक तुकडा होता, एकाच धाग्याचा गट. सातवी शिकलेल्या माणसाने ते धाग्यांवर बोट ठेवून सांगितलं. दोनच दिवसांत प्रोग्राम दुरुस्त झाला. प्रोग्रामने वगळलेली डिझाइनं साहेबांनी एकेक करून मागावर तपासली, सगळी दुपदरीच निघाली.

"उत्तम," साहेब म्हणाले. "हे तुम्हाला सुचलं कसं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. घाई नव्हती, भीती नव्हती, नोकरी पक्की होती.

"सुचलं," मी म्हणाले.

घरी गेले तर बाबा दारातच उभे होते. "नियम चालला का?" त्यांनी विचारलं.

"चालला."

"साहेब काय म्हणाले?"

"उत्तम म्हणाले."

त्यांनी मान हलवली. माझं नाव घेतलंस का, हे त्यांनी विचारलं नाही. पण ते आत न जाता तसेच दारात उभे राहिले, मी आणखी काही सांगेन म्हणून. मी चप्पल काढली आणि त्यांच्या बाजूने आत गेले.