धबधब्यावरचे फुगे

भूमच्या दूध सोसायटीत चेअरमनसाहेबांच्या खोलीत धबधबा आला, त्या साली आमच्या वस्तीच्या आडाचा तळ दिसत होता. धबधबा म्हणजे चित्र. भिंतभर, जाड प्लॅस्टिकच्या कागदाचं, चार गुंडाळ्या करून पुण्याहून आलेलं. लावणारा कारागीर मात्र आलाच नाही, आणि मंत्री तर आठ दिवसांवर येऊन ठेपलेले.

मी तिथं रोजंदारीवर झाडलोट करायचे. वय चोविसाच्या आसपास, अक्कल त्याच्या निम्मी. पुढं होऊन म्हणाले, "साहेब, मी लावते की. जयंतीची पोस्टरं चिकटवायची खळ आमच्या वस्तीत माझ्याच हातची असती."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एक फुगा दिसता कामा नये. जमलं तर कायम करतो तुला."

कायम! नवरा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होता, आणि मला हजेरीच्या वहीत माझं नाव शाईनं लिहिलेलं दिसायला लागलं.

खळीला पाणी लागतं. टँकर सोसायटीच्या दारातच थांबायचा, घरटी दोन घागरी. साहेबांच्या हुकमानं त्यातल्या दोन बादल्या खळीसाठी आत आल्या. रांगेत माझी सासू उभी होती. सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमची सून चित्राला पाणी पाजती गं! लेकरांचं काय, ती ऱ्हातेत तशीच."

मला राग आला तो तिचा. बादल्यांकडं मी वळूनसुद्धा बघितलं नाही.

कागद जाड, तर खळही जाड, एवढंच माझं शास्त्र. गव्हाच्या पिठाची दाट खळ शिजवली आणि भुई सारवावी तसा हात फिरवला, कडेकडेनं धरून मधे येत. कडा गच्च बसल्या, हवा मधे कोंडली. सकाळी बघते तर देवी आलेल्या माणसासारखा धबधबा, अंगभर फोड. भाकरी फुगली की सुगरण म्हणत्यात. इथं फुगली ती भिंत. भाकरीसारखंच फडक्यानं दाबलं, तर इथला फुगा सरकून तिथं जाऊन बसला.

सोसायटीचे जनावरांचे डॉक्टर खिडकीतून बघत होते. "म्हशी तपासायला आलो, तर इथं भिंतीलाच गळवं झालीत," म्हणाले. पण आत येऊन रीत त्यांनीच दाखवली. बारीक फुग्याला कडेला तिरपी सुई टोचायची आणि अंगठ्यानं हवा भोकाकडं हाकायची. मोठ्याला ब्लेडनं चीर द्यायची, पण चित्रातल्या झाडाच्या काळ्या रेघेवर, म्हणजे दिसत नाही. मग त्यांच्या म्हशीच्या सिरिंजनं पातळ खळ आत सोडायची आणि गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दाबत राहायचं. ऊब लागल्याशिवाय ते प्लॅस्टिक वाकतच नव्हतं.

चार दिवस मी टोचत आणि दाबत होते. शेवटचा फुगा बरोबर मध्यावर. तिथं झाड नाही, रेघ नाही, नुसतं पांढरं पाणी. श्वास रोखून टोचला. बसला.

मंत्री आले, चित्रापुढं उभे राहिले. "वा, बघूनच गार वाटतं."

"पुण्याचे कारागीर बोलावले होते," साहेब म्हणाले.

मी पाण्याचा ट्रे उचलायला पुढं झाले, तर कारकुनानं हलकेच बाजूला केलं. "तू ऱ्हाऊ दे. पाणी त्या बाई देतील." त्या बाई म्हणजे माठ भरणाऱ्या. मी पाळण्यात असताना माझ्या बापानं धर्म बदलला होता, पण त्या माठाला हात लावायचा नाही हे मला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. तरी त्या दिवशी मला काय वाटलं असेल? नखांत खळ अडकलीय म्हणून नको म्हणाला! बाहेर जाऊन नखं कोरत बसले.

ती खळ प्लॅस्टिकखाली वाळलीच नाही. आतल्या आत आंबली आणि महिनाभरात नवे फुगे धरायला लागले. दर सोमवारी हाक यायची, "ए, सुई आण." मी पळायचे. कायम करण्याचं विचारलं की साहेब म्हणायचे, "बघू." मी समजायचे, हा एवढा फुगा बसला की निघणार आपली ऑर्डर. वर्षभर भिंतीला टोचत राहिले. एकदा साहेबांनाच टोचून विचारावं, हे काही सुचलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यातही टँकर चालूच होता. तेव्हा ऑर्डर निघाली, माठ भरणाऱ्या बाईंची. डॉक्टरांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता. "जागा शिपायाची होती, ताई. शिपायाला पाहुण्यांना पाणी द्यावं लागतं."

म्हणजे जागा पहिल्या दिवसापासूनच माझी नव्हती. सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. सुईवालीला तेवढं ठाऊक नव्हतं.

मी साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते कागदातून वर न बघता म्हणाले, "बरं झालं आलीस. तो मधला फुगा परत आलाय बघ."

मी ब्लेड घेतलं. रेघ शोधली नाही. पांढऱ्या पाण्यावर वरपासून खालपर्यंत चीर दिली आणि ती तशीच सोडली. वर्षभराच्या आंबलेल्या खळीचा भपकारा खोलीत सुटला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "अगं, दाब की!"

"हात भरतेत, साहेब," म्हणाले, आणि बाहेर आले. सिरिंज डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

दारात टँकर लागला होता. रांगेत सासूमागं जाऊन उभी राहिले.

"आज लवकर सुटलीस?"

"व्हय, आत्या. कायमची."

आता ती काहीतरी ठेवून देणार म्हणून मी तयारीत होते. पण दोन घागरींतली एक तिनं माझ्या हातात दिली आणि पुढं सरकली.