कमी रंगांची सोय गेली तेव्हा

नवलाख उंबरे गावातल्या घरून मी कधीकधी कारखान्यातला संगणक नेटवरून चालवतो. गावात नेट मंद, म्हणून चित्र लवकर यावं यासाठी पडद्याचे रंग कमी ठेवायची सोय वापरायचो. त्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत ती काढूनच टाकली. त्या रविवारी मी क्लिक करायचो आणि चित्र मिनिटभराने बदलायचं. कारखान्याच्या फाटकावर भरलेला ट्रक अडला होता. त्याचा गेटपास मला काढायचा होता, आणि मी नोकरीत नवा.

शेवटी स्टोअर सांभाळणाऱ्या मावशींना फोन केला. घरात मी पहिला पदवीधर. मावशी दहावी शिकलेल्या. त्या सुट्टीवर, घरी मटार सोलत बसल्या होत्या.

"माउस सोड आधी. टॅब तीनदा, खालचा बाण दोनदा, एंटर. आता गाडीचा नंबर टाक."

"मावशी, मला काहीच दिसत नाही."

"तुला कशाला दिसाया पायजे? मला दिसतंय की!"

त्या सांगत गेल्या, मी दाबत गेलो. मग चित्र हळूहळू उतरलं. प्रत्येक शब्द आपापल्या चौकटीत बसलेला होता. मी थक्क होऊन बघत राहिलो. तेवढ्यात रखवालदाराचा फोन आला, पास छापून निघाला होता आणि ट्रक फाटकाबाहेर पडला होता.

मावशींना कळवलं, तर म्हणाल्या, "मग? जानारच की."