जू उतरेपर्यंत

महामार्गावर एखादा सायकलस्वार मान खाली घालून वेगात जाताना दिसला की धुळ्यातली ती दुपार अजूनही माझ्यासमोर उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले कित्येक आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही एक दुपार मात्र जशीच्या तशी आहे.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. मी धुळ्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे वर्दीची इस्त्री मोडू नये म्हणून जीपमध्येही ताठ बसायचो. त्या वर्षी होळीच्या आधी जळगाव ते धुळे अशी बक्षिसाची सायकल शर्यत भरली होती. एरंडोल, पारोळा, फागणे करत देवपुरातल्या एका मैदानावर शेवट. अशा शर्यतींवरच पोट असलेले स्वार तेव्हा होते. आज नाशिक, उद्या इंदूर, सायकल एसटीच्या टपावर टाकून हिंडायचे.

आमच्या भागाची सगळी भिस्त पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या पोरावर होती. घरोघरी दूध घालता घालता तो शर्यतीत उतरला होता. त्याला तयार केलं त्याच्या मामानं. या मामाला सगळे नाना म्हणत. नाना मूळचा शंकरपटाचा माणूस. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. नानाची जोडी पटात उतरली की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी पळतात, असं लोक म्हणायचे.

मी मैदानावर बंदोबस्ताला होतो. लाऊडस्पीकरवर आमच्या पोराच्या नावाचा गजर चालला होता, आणि मैदानात पहिला शिरला तो भलताच. बारीक डोळ्यांचा, ठेंगणा, पोटऱ्या लोखंडासारख्या. तेवढ्यात फागण्याचा एक पानटपरीवाला मोटारसायकलवरून धापा टाकत माझ्याकडे आला.

"साहेब, आपलं पोर पडलं! या नेपाळ्यानं चालत्या सायकलीवर त्याला बाटली पाजली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाजली आन् पुढच्या वळणाला पोर रस्त्यावर!"

परदेशातले खेळाडू औषधं घेऊन जिंकतात, अशा बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत येऊ लागल्या होत्या. डोपिंग हा शब्द टपरीपर्यंत पोचला होता. बघता बघता मैदानात दोन आरोळ्या उठल्या. एक, "डोपिंग! डोपिंग!" आणि दुसरी, "परदेशी आहे, हाकला त्याला!" शर्यत फक्त भारतीयांसाठी होती. पंचांनी दोन्ही हरकती नोंदवून निकाल रोखून धरला. मी त्या स्वाराला जीपमध्ये घातलं आणि ठाण्यावर आणलं. अटक नव्हती ती. तिथं ठेवला असता तर लोकांनी त्याची हाडं मोडली असती.

ठाण्यात आमचे जुने हवालदार त्याला खालीवर न्याहाळत म्हणाले, "साहेब, हा तर गुरखा. माझ्या मेव्हण्याच्या कॉलनीत रात्री शिट्टी वाजवतो, हुबेहूब असाच."

"मणिपूर से हूँ, सर," तो शांतपणे म्हणाला.

"ते कुठं आलं? नेपाळात ना?"

"हवालदार, ते आपल्याच देशात आहे," मी म्हणालो. शाळेतल्या गुरुजींनी नकाशाची गुंडाळी खुंटीला लावून आमच्याकडून राज्यं पाठ करून घेतली होती. त्यांचे उपकार त्या दिवशी फिटले.

तो स्वार जरासा हसला. "हर शहर में पूछते हैं, सर. हारता हूँ तो कोई नहीं पूछता."

मी चौकशी सुरू केली. बाटली दिली होती का? दिली होती. का? त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं ते असं: पारोळ्यापासून ते दोघंच पुढे होते. आमचा पोरगा वेड्यासारखा पळवत होता, पण त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. बनियन कोरडी. पुढे तो कुणाशी तरी बोलायला लागला, आणि रस्त्यावर तर दुसरं कुणीच नव्हतं. ओठ चिकटले होते. म्हणून यानं आपली बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो पडला तेव्हा हा थांबलाही होता.

"मग पुढे का निघून गेलास?"

"उसके लोग आ गए थे, सर. मैंने सोचा, अब उसके अपने हैं."

हवालदारांनी ती बाटली मुद्देमाल म्हणून सील करायला लाख तापत ठेवली होती. बाटली टेबलावर होती. मी विचारलं, "इसमें क्या है?" त्यानं उत्तर देण्याऐवजी ती उचलली आणि उरलेलं गटागटा पिऊन टाकलं.

"अहो साहेब!" हवालदार ओरडले. "मुद्देमाल पिला यानं!"

भाताची पेज होती ती, मीठ घातलेली. हे नंतर कळलं. पण त्या क्षणी माझा संशय बाटलीवरून उठला. पोरगा बाटलीच्या आधीच बिघडला होता. म्हणजे जे काही झालं ते शर्यतीच्या सुरुवातीला, किंवा त्याही आधी. मणिपूरला बिनतारी संदेश पाठवायला सांगून मी सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टर घाईत होते. "ऊन लागलंय की काही पोटात गेलंय, ठरत नाही. अंग भट्टीसारखं आहे, बडबडतोय, हवेतलं काहीतरी वेचतोय. गेलं असेल तर काय गेलं ते कळू द्या, फौजदार. अंदाजानं उपचार केले तर पोरगा हातचा जाईल."

बाहेर पोराची आई जमिनीवर बसली होती. मला पाहून तिनं माझे बूटच धरले. "साहेब, त्या परदेशीले सोडू नका! मना पोऱ्यानी त्यानं काय वाकडं करेल व्हतं?"

भिंतीला टेकून नाना उभा होता. मी त्याला बाजूला घेतलं. सकाळी पोरानं काय खाल्लं? भाकरी. आणखी? नाना गप्प. मी आवाज चढवला, कायद्याचं भय घातलं, पोराच्या जिवाची शपथ घातली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंडातून एकच:

"आते नही, साहेब. आते सांगता येवाव नही."

"आत्ता नाही तर कधी? पोरगा मेल्यावर?"

त्यानं कानांवर हात ठेवले.

खोटं बोलणारी माणसं मी पाहिली होती. ती नजर चुकवतात, गोष्ट बदलतात, जास्त बोलतात. नाना यातलं काहीच करत नव्हता. तो खोटं बोलतच नव्हता. तो काहीतरी जपत होता. आणि "आते नही" या शब्दांपाशी मी अडखळलो. माझे वडीलही बैल पाळायचे. पटाच्या दिवशी बैलाला काय चारलं ते घरातही बोलायचं नाही, हा नियम आमच्याकडेही होता. एकदा धाकट्या बहिणीनं शेजाऱ्यांसमोर तोंड उघडलं तर वडिलांनी जोडी पटातून परत आणली होती. निकाल लागून मानेवरचं जू उतरेपर्यंत जो बोलला, त्याच्या बैलाची ताकद समोरच्याच्या बैलात जाते आणि आपला बैल तिथेच बसतो, अशी समजूत.

निकाल तर रोखलेला होता. नानाच्या हिशेबानं शर्यत अजून चालूच होती, आणि त्याचा बैल आत खाटेवर होता. आत्ता बोललो तर पोरगा मरेल, असं तो माणूस मनापासून मानत होता. त्याच्या गप्प बसण्यानंच पोरगा मरणार होता, हे त्याला कळत नव्हतं.

त्याला समजावण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी नानाला जीपमध्ये बसवलं, वाटेत ठाण्यातून त्या स्वाराला घेतलं आणि पांझरेच्या पुलावरून सरळ मैदान गाठलं. गर्दी हलली नव्हती. शर्यत समितीचे अध्यक्ष मंडपात घाम पुसत बसले होते.

"अध्यक्षसाहेब, निकाल जाहीर करा. आत्ता."

"वेड लागलं का तुम्हाला? परदेशी माणसाचं नाव घेतलं तर लोक मंडप पेटवतील."

"तो भारतीय आहे. मणिपूरला संदेश धाडलाय. मी लेखी देतो."

"तिकडून उत्तर आलं?"

"नाही आलं. माझ्या जबाबदारीवर देतो."

"आणि डोपिंगचं काय?"

मी नानाकडे बोट दाखवलं आणि थोडक्यात सगळं सांगितलं. अध्यक्ष इथलेच. शंकरपटाचा नियम त्यांना समजावून सांगावा लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण नजर वारंवार गर्दीकडे जात होती. हात माइककडे जाईना.

तो स्वार इतका वेळ आमचे चेहरे वाचत होता. त्यानं मला विचारलं, मी हिंदीत सांगितलं. तो पुढे झाला आणि अध्यक्षांना म्हणाला, "सर, किसी का भी नाम बोल दो. दूसरे नंबर वाले का बोल दो. पर जल्दी बोलो."

अध्यक्ष त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले, टोपी नीट केली आणि माइक हातात घेतला. पहिला क्रमांक म्हणून त्यांनी त्याचंच नाव घेतलं. पुढे म्हणाले, "राहणार मणिपूर," आणि क्षणभर थांबून, "भारत."

मैदानात कुजबुज झाली. दोन-चार शिट्ट्या झाल्या, एक चप्पल मंडपावर येऊन पडली. बस, तेवढंच. माझं लक्ष तिकडे नव्हतंच. जीपशेजारी उभ्या नानानं डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला.

"जू उतरनं, साहेब. आते सांगस."

एका रानझाडाच्या बिया होत्या, गुळात वाटलेल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही. बैलाला थोड्या देतात म्हणे, तो वारा प्यायल्यासारखा पळतो. नानानं भाच्याला पहाटे त्याच दिल्या होत्या. पोराला त्या कशाच्या ते ठाऊकही नव्हतं. मामा देतो ते घ्यायचं, एवढंच त्याला माहीत. तिथल्या ऑफिसातल्या फोनवरून मी डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "आता हाती काहीतरी लागलं," आणि फोन ठेवला.

पोरगा वाचला. नानाचा रीतसर जबाब घेतला, जीव धोक्यात घालणाऱ्या निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. कोर्टात नानानं काही नाकारलं नाही, दंड झाला. मणिपूरचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: इसम आमच्याच जिल्ह्यातला, वर्तणूक चांगली. ते मी केसच्या कागदांना लावलं.

पुढे नोकरीत बरीच वर्षं काढली. नव्या फौजदारांना शिकवताना मी ही केस सांगायचो. माणूस गप्प बसला की आपण धरून चालतो, हा काहीतरी लपवतोय. कधी कधी तो लपवत नसतो, कुणाला तरी वाचवत असतो, चुकीच्या रीतीनं का होईना. त्याला कशाची भीती वाटते ते शोधा, मग काठीला हात लावावा लागत नाही. दुसरं, गर्दीला औषधाचा संशय बाहेरच्या माणसाच्या बाटलीत दिसला. आपल्याच घरातल्या हाताकडे कुणीच पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही नाही.

मणिपूरचं उत्तर आलं त्याच दुपारी तो स्वार जबाबावर सही करायला ठाण्यात आला होता. चाकं काढून पोत्यात भरत होता, इंदूरची गाडी गाठायची होती. तेवढ्यात पोराची आई दवाखान्यातून पायी आली. मला वाटलं, माफी मागेल. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुनी माय शे का रे?"

त्याला कळेना. तुझी आई आहे का, असं मी हिंदीत विचारलं. "है," तो म्हणाला.

"तिले सांगजो," ती म्हणाली, "तू मना पोऱ्याले पानी पाजं."

मी त्याला अर्थ सांगितला. त्यानं मान हलवली. तिनं पदरातली भाकरी त्याच्या पोत्यावर ठेवली आणि आली तशी निघून गेली. तो कुठला, हे तिनं विचारलं नाही.