बंद गाळ्यातला चालू कॉम्प्युटर

ती घटना आठवली की आजही डोकं उठतं.

तेव्हा मी लासलगावला पोलीस निरीक्षक होतो. अमावास्येला कांद्याचे लिलाव नसतात, गाळे कुलपात असतात. अशाच एका अमावास्येला सकाळी ठाण्यात फोन आला, "साहेब, शेजारच्या गाळ्याला कुलूप हाय, अन् शटरच्या फटीतून आत कॉम्प्युटर चालू दिसतोय." आम्ही पोचेपर्यंत तो बंदही झाला होता.

गाळ्याचा मालक कांद्याचा बडा व्यापारी. धावत आला आणि थेट म्हणाला, "दिवाणजींचंच काम! दुसरी चावी त्यांच्याकडे. माझे सौदे पलीकडच्या व्यापाऱ्यांना कळतात ते असे." पुरावा विचारला तर म्हणे, "अहो, मग काय भूत बसतं का आत?"

लेखी तक्रार आली, म्हणून दिवाणजींना भर पेठेतून जीपमध्ये घालून आणलं. साठीचा माणूस, उभा जन्म त्या पेढीवर गेलेला. चौकशीत एकच धोशा, "साहेब, मी मेन स्विच पाडूनच शटर ओढतो. वीजच नाही तर मशीन चालेल कसं?" मी आवाज चढवला, प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवं सांगतो. हे गृहस्थ तेच तेच सांगून मला वैताग आणत होते.

दुपारी मालकाला घेऊन पंचनाम्याला गेलो. मेन स्विच खरंच पाडलेला. पंच सह्या करणार तेवढ्यात टेबलावरचा कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. पडद्यावर बाण फिरायला लागला, एक बिल उघडलं. हवालदार मागे सरकला. "साहेब, हे काय बरं दिसत नाय."

"गप्प बस आणि वायर कुठं जाते ते बघ!" मी खेकसलो.

वायर गेली होती देव्हाऱ्यामागे. देवापुढचा विजेचा दिवा विझू द्यायचा नाही हा पेढीचा रिवाज, म्हणून त्याची लाइन मेन स्विचच्या आधीच काढलेली. तिथंच कुणीतरी इंटरनेटचा डबा आणि एक छोटा स्विच जोडला होता. फोनवर बोट टेकवलं की त्या स्विचमधून वीज सुटते, कॉम्प्युटर सुरू होतो आणि घरबसल्या चालवता येतो.

"असलं काही मुलालाच जमतं," म्हणत मालकानं लांब शहरात, इंदिरानगरला राहणाऱ्या मुलाला फोन लावला. मी तो स्पीकरवर घ्यायला लावला.

"पप्पा, मीच बसवलंय. रोज कोण एवढ्या लांब येणार? पेढीवर बसल्याशिवाय धंदा होत नाही म्हणता, म्हणून बोललो नाही."

"अरे, दिवाणजींना ठाण्यात नेलंय हे सकाळीच सांगितलं ना तुला?"

"हो... वाटलं, संध्याकाळपर्यंत सोडतील."

काय बोलणार, कप्पाळ! आणि सौदे? ते मालक स्वतःच टपरीवर चहा पिता पिता फोनवर ओरडून करायचा. अख्ख्या बाजाराला पाठ.

ठाण्यात येऊन दिवाणजींना मोकळं केलं. मालक म्हणाला, "झालं गेलं विसरा, उद्या या कामावर." दिवाणजींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. माझ्याकडे वळले. "साहेब, नेताना सगळ्यांनी पाहिलं. सुटल्याचं कोण बघणार? घरापर्यंत तेवढं चालत सोबत या."

टोपी घातली आणि त्यांच्या बरोबरीनं पेठेतून निघालो. ज्यानं ज्यानं वळून पाहिलं त्याला थांबून सांगितलं, "यांचा काही दोष नाही." पुढच्या नोकरीत हा नियमच केला. चारचौघांत उचललेला माणूस निर्दोष निघाला, तर त्याला चारचौघांतूनच घरी पोचवायचं.

दारात त्यांची बायको उभी होती. दिवाणजी उंबऱ्याशी थांबले आणि खाली बघत म्हणाले, "साहेब, हिलापण तुम्हीच सांगा."