पाहुण्यांपुढचा काळा पडदा

आज नातवाचा कॉम्प्युटर चालू होताना पडदा क्षणभर काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं पळाली, आणि मला फार जुनी गोष्ट आठवली.

वसमतच्या घरी माझ्या लेकीला, सुनंदाला पाहायला पाहुणे आले होते. पोरगी शिकलेली दिसावी म्हणून मी कॉम्प्युटर मुद्दाम बैठकीत मांडला. तिनं बटण दाबलं. पंखा घरघरला, तापलेल्या धुळीचा वास आला, आणि पडदा काळाच राहिला, वर नुसती पांढरी अक्षरं.

"बिघडलं काय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"न्हाई मावशी," सुनंदा म्हणाली, "मीच तसं ठेवलंय. माऊसनं दाबायच्या चित्रांनी जुनं मशीन दमतं. हुकूम टाईप केला की काम होतं."

मुलगा कॉम्प्युटरवरच नोकरी करणारा. तो माऊस हलवत बसला. सुनंदा हसली. "त्यानं काही व्हायचं न्हाई. टाईप करा."

त्याला येईना. कान लाल झाले.

"चित्र लाव की गं, काहून अडून बसलीस?" मी कुजबुजले. तिनं एक ओळ टाईप केली, चित्र आलं. तोवर पाहुणे अर्धा चहा टाकून उठले होते.

स्थळ गेलं. मी सुनंदाशी आठ दिवस बोलले नाही. लाज त्या पोराला वाटली होती. मी ती उगाच अंगावर घेतली आणि राग पोरीवर काढला.